ब्लू, केव्हिन आणि पॉर्ग: पडद्यावरचे पक्षी आले कुठून?

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून साधारण १२ किलोमीटर आत, अटलांटिक समुद्रात स्केलिग मायकल नावाचा एक टोकदार खडक आहे. मध्ययुगात तिथे ख्रिस्ती साधू राहत. दगडावर दगड रचून बांधलेल्या त्यांच्या घुमटाकार कुट्या अजून उभ्या आहेत आणि १९९६ पासून हे बेट युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आहे. उन्हाळ्यात तिथे पफिन हजारोंनी घरटी करतात. पफिन म्हणजे रंगीत, जाडसर चोचीचे, काळ्या-पांढऱ्या अंगाचे ठेंगणे समुद्रपक्षी. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या २०१७ च्या 'द लास्ट जेडाय'चं चित्रीकरण इथे करायचं ठरलं, तेव्हा हे पफिन अडचणीचे ठरले. दूरच्या आकाशगंगेतल्या एका निर्जन ग्रहावर पृथ्वीवरचा ओळखीचा पक्षी कसा दाखवणार? पण पक्षी संरक्षित, बेट संरक्षित. त्यांना हाकलायची सोय नाही, आणि प्रत्येक दृश्यातून संगणकावर एकेक पफिन पुसत बसायचं तर वेळ आणि पैसा दोन्ही पाण्यात.

मग पात्रांचे आकार ठरवणाऱ्या जेक लंट डेव्हिस या कलाकाराने दुसरी वाट काढली. पफिन दिसणारच असतील तर त्यांना त्या ग्रहाचेच रहिवासी करून टाकू! पफिन, सील आणि पग जातीचा कुत्रा यांच्या मिश्रणातून मोठ्या डोळ्यांचा, गुबगुबीत 'पॉर्ग' जन्माला आला. लहान मुलांसाठी खेळणी विकता यावीत म्हणून तो घुसडला, अशी टीका तेव्हा बरीच झाली. खेळणी खपलीही असतील, पण मूळ कारण हे असं, वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यातून आलेलं.

काल्पनिक पक्ष्यांच्या जन्मकथा अशा एकेक करून बघितल्या की त्यांच्यात एक समान गोष्ट दिसते. कुठला पक्षी पुस्तकात किंवा पडद्यावर पोचणार, हे त्याच्या रूपावर थोडंच ठरतं. तो लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या नजरेच्या टप्प्यात कसा आला, यावर जास्त ठरतं. आणि त्या टप्प्यात येण्याचे रस्ते म्हणजे संग्रहालय, पिंजरा, वसाहतींचा व्यापार, चोरटी तस्करी. गोष्ट गाजली की मग मागाहून एखादी गोडशी आख्यायिका जोडली जाते.

आख्यायिकेचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे वुडी वुडपेकर. निर्माता वॉल्टर लँट्झ आयुष्यभर सांगत असे की लग्नानंतर पत्नी ग्रेससोबत कॅलिफोर्नियातल्या एका तळ्याकाठच्या लाकडी घरात राहायला गेलो असताना एक सुतारपक्षी रात्रंदिवस छपरावर ठोकत बसला, आणि त्याच्यावरच कार्टून कर, असं ग्रेसने सुचवलं. किस्सा झकास आहे. अडचण एवढीच की वुडी पहिल्यांदा पडद्यावर आला २५ नोव्हेंबर १९४० ला आणि या दोघांचं लग्न झालं १९४१ मध्ये. छपरावरचा तो पक्षी एकॉर्न वुडपेकर असावा असं मानतात. ही जात ओकची फळं साठवण्यासाठी एकाच झाडाच्या खोडात हजारो भोकं पाडते, आणि तिचा ओरडा थट्टेखोर हसण्यासारखा असतो. पण तिच्या डोक्यावर तुरा नसतो. वुडीचा तो लालभडक तुरा बहुधा पायलिएटेड या दुसऱ्या, मोठ्या सुतारपक्ष्याकडून आला. म्हणजे आवाज एकाचा, डोकं दुसऱ्याचं आणि गोष्ट तिसरीच.

रोडरनरबद्दल थोडक्यात. १९४९ पासून कोल्ह्याच्या जातीतल्या कायोटीला पळवून पळवून दमवणारा हा पक्षी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात खरोखर राहतो. तो कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या अंगणात तुरुतुरु चालणाऱ्या भारद्वाजाचा नातलग. तो 'बीप बीप' करत नाही, पारव्यासारखा खालच्या सुरात घुमतो. आणि शर्यत खरोखर लागली तर कायोटी त्याला आरामात गाठेल. पक्षी ताशी ३० किलोमीटरच्या आसपास पळतो, कायोटीचा वेग त्याच्या जवळजवळ दुप्पट.

संग्रहालयातून आलेला पक्षी म्हणजे डोडो. 'ॲलिस इन वंडरलंड' १८६५ मध्ये आलं. त्याचा लेखक लुइस कॅरल हा ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारा चार्ल्स डॉजसन. १८६० मध्ये तिथे निसर्गेतिहासाचं नवं संग्रहालय उघडलं आणि त्यात डोडोचं डोकं, एक पाय आणि यान साव्हेरीने १६५१ मध्ये काढलेलं डोडोचं मोठं चित्र ठेवलेलं होतं. डॉजसन अडखळत बोलायचा, स्वतःचं नाव सांगताना 'डो-डो-डॉजसन' व्हायचं आणि म्हणून तो डोडो झाला, असं सर्रास सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही. पुस्तकातल्या डोडोचं ढेरपोटं ध्यान मात्र साव्हेरीच्या चित्राच्याच वळणाचं आहे, आणि जगभर डोडो म्हटलं की आजही तेच डोळ्यांपुढे येतं. तो इतका लठ्ठ नव्हता, असं आता अभ्यासक मानतात.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे. डोडोचं जास्त विश्वासार्ह समजलं जाणारं एक रंगीत चित्र मुघल दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जातं. साधारण १६२५ च्या सुमाराचं हे चित्र आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. त्यातला डोडो बराच सडपातळ आहे. मॉरिशसचा पक्षी मुघल चित्रकाराला कसा दिसला? १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात असलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी सुरतेत दोन जिवंत डोडो पाहिल्याचं लिहून गेला आहे. जहाजांच्या वाटेवरच्या बेटांवरचे चमत्कारिक प्राणी सुरत बंदरात उतरत आणि तिथून पुढे दरबारात पोचत. कॅरलने साव्हेरीऐवजी मन्सूरचं चित्र पाहिलं असतं तर जगाचा डोडो वेगळा दिसला असता, असं मला नेहमी वाटतं. ऑक्सफर्डच्या त्या डोक्याची २०१८ मध्ये सीटी स्कॅन तपासणी झाली, तेव्हा कवटीच्या मागच्या भागात आणि मानेत शिशाचे छर्रे सापडले. लंडनमध्ये तिकीट लावून दाखवला जाणारा पाळीव डोडो तो हाच, असं तोवर मानत. प्रत्यक्षात त्याला कुणीतरी मागून गोळी घातली होती.

पक्ष्याच्या लिंगाबाबत तर पडदा फारच बेफिकीर. हॅरी पॉटरची हेडविग ही मादी. पण हिमघुबडांमध्ये जवळजवळ पांढरेशुभ्र असतात ते नर, मादीच्या अंगावर गडद पट्टे असतात. साहजिकच चित्रपटांत हेडविगचं काम केलं ते नर घुबडांनी. २०१० मध्ये भारतातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावरचा एक अहवाल प्रसिद्ध करताना तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी शहरी घरांतल्या घुबडांच्या हौसेचा दोष हॅरी पॉटरला दिला होता. खुद्द अहवालाचा भर मात्र काळी जादू आणि दिवाळीच्या सुमारास दिले जाणारे बळी यांच्यावर होता. परदेशी कादंबरीवर खापर फोडणं सोपं असतं.

केव्हिनची गंमतही तशीच. पिक्सारच्या 'अप' (२००९) या चित्रपटातला तो उंच, रंगीबेरंगी पक्षी शेवटी पिल्लांची आई निघतो. चित्रपट घडतो व्हेनेझुएलात. दिग्दर्शक पीट डॉक्टर आणि त्याचे सहकारी २००४ मध्ये तिथल्या सपाट माथ्याच्या डोंगरांवर जाऊन आले होते. पण केव्हिनचे रंग दक्षिण अमेरिकेतले नाहीत. ते हिमालयातल्या मोनालचे आहेत, आणि कॅलिफोर्नियातच, सॅक्रमेंटोच्या प्राणिसंग्रहालयातल्या मोनालवरून ते घेतले, असं सांगितलं जातं. हे झळाळते हिरवे, निळे, तांबूस रंग आणि डोक्यावरचा तुरा फक्त नराला असतो. मादी मातकट तपकिरी, गळ्याखाली पांढरी. केव्हिन आई असेल तर तिने नराचे कपडे घातले आहेत.

हा पक्षी युरोपीय शास्त्राच्या पुस्तकात कसा शिरला, ती कथा मला चित्रपटाहून रंजक वाटते. त्याच्या शास्त्रीय नावात, लोफोफोरस इम्पेजानस यात, मेरी इम्पे हे नाव दडलेलं आहे. तिचा नवरा एलिजा इम्पे कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला मुख्य न्यायाधीश. मेरीने बंगल्याच्या आवारात देशभरातले पशुपक्षी जमवले आणि त्यांची चित्रं काढायला शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास हे पाटण्याकडचे चित्रकार नेमले. मुघल लघुचित्रांची सवय असलेल्या या तिघांनी इंग्रजी कागदावर, शक्य तिथे प्राण्याच्या खऱ्या आकारात, तीनशेहून जास्त चित्रं काढली. इम्पे कुटुंब परतलं तेव्हा ही चित्रं इंग्लंडला गेली आणि लंडनमध्ये बसून पक्ष्यांना नावं देणाऱ्या जॉन लॅथमला ती उपयोगी पडली. १७९० मध्ये त्याने मोनालला तिचं नाव दिलं. झैनुद्दीनचं नाव कुठल्याच पक्ष्याला मिळालं नाही.

डोंगरातल्या लोकांना अर्थातच हा पक्षी आधीपासून ठाऊक होता. नेपाळात तो डांफे, तिथला राष्ट्रीय पक्षी. उत्तराखंडचाही तो राज्यपक्षी आहे. हिमाचलात नराचा तुरा टोपीत खोवायची जुनी प्रथा, आणि त्या तुऱ्यापायी त्याची भरपूर शिकार झाली. २००७ पर्यंत तो हिमाचलचाही राज्यपक्षी होता. नंतर तो मान जुजुराणा या त्याहून दुर्मीळ पक्ष्याला दिला गेला.

आता ब्लू. 'रिओ' (२०११) मधला हा निळा पोपट पडद्यावर येण्याचं कारणसुद्धा असंच धंद्यातलं. रिओ द जानेरोचाच असलेला दिग्दर्शक कार्लोस सल्दान्या याच्या मनात १९९५ पासून घोळत होता तो रिओच्या किनाऱ्यावर वाहत आलेला एक पेंग्विन! पण मध्येच पेंग्विनांवरचे दोन मोठे ॲनिमेशनपट येणार असल्याचं कळलं, आणि पेंग्विन जाऊन मकाव आला.

हा मकाव म्हणजे स्पिक्सचा मकाव. योहान बाप्टिस्ट फॉन स्पिक्स या बव्हेरियन शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को नदीकाठी, झुआझेरोजवळ त्याचा नमुना मिळवला. तो त्याने भलत्याच जातीचा समजला. स्पिक्स १८२६ मध्ये वारला, आणि १८३२ मध्ये वाग्लर याने हा पक्षी वेगळा असल्याचं ओळखून त्याला स्पिक्सचं नाव दिलं. त्यानंतर दीडशे वर्षं तो क्वचितच कुणाला दिसला. कारण त्याचं घर रिओचं हिरवंगार जंगल नव्हतंच. ते रिओपासून दीड हजार किलोमीटरहून दूर, बाहिया राज्यातल्या काटिंगा नावाच्या काटेरी, कोरड्या मुलखात होतं. तिथल्या हंगामी ओढ्यांच्या काठी कराइबेरा नावाची उंच झाडं वाढतात, त्यांच्या ढोलीत हा घरटं करतो. २०१४ च्या दुसऱ्या भागात ब्लूचं कुटुंब ॲमेझॉनच्या जंगलात जातं, तेव्हा तर पत्ता आणखीच चुकतो.

काठची झाडं तोडली गेली, शेळ्यांनी रोपं खाल्ली. उरलेले पक्षी १९७० आणि ८० च्या दशकांत पोपट जमवणाऱ्या श्रीमंतांसाठी पकडले गेले. जितका दुर्मीळ तितका भाव चढा, आणि भाव चढा म्हणून आणखी दुर्मीळ. १९९० मध्ये शोधमोहिमेला जंगलात एकच नर सापडला. त्याला जातीतली जोडीदारीण नव्हती, म्हणून त्याने निळ्या पंखांच्या मकाव या दुसऱ्या जातीच्या मादीशी जोडी केली होती. १९९५ मध्ये पिंजऱ्यातली एक मादी त्याच्याजवळ सोडली. काही आठवड्यांत ती दिसेनाशी झाली. विजेच्या तारेला धडकून मेली असावी, असं नंतर कळलं. ऑक्टोबर २००० नंतर तो नरही दिसला नाही.

'रिओ'त शेवटचा नर अमेरिकेतल्या मिनेसोटात पाळीव म्हणून वाढतो आणि जोडी जमवण्यासाठी ब्राझीलला नेला जातो. याच्याशी मिळतीजुळती खरी घटना आहे: २००२ मध्ये कोलोरॅडोत एका घरात प्रेस्ली नावाचा स्पिक्स मकाव सापडला आणि त्याला ब्राझीलला परत नेलं गेलं. ब्लू म्हणजे प्रेस्लीच, असं वर्तमानपत्रांनी छापलं. साम्य खरंच आहे, पण वुडीचं छप्पर आठवून मी अशा मथळ्यांपासून जरा लांबच राहतो. खरा मोठा फरक वेगळाच. चित्रपट आला तेव्हा पिंजऱ्यांत हे पक्षी काही डझन होते. प्रश्न होता तो ते कुणाच्या पिंजऱ्यात आहेत हा. कतारमधल्या एका शेखचं खासगी संग्रहालय, फिलिपिन्स, स्वित्झर्लंड, नंतर जर्मनीतली एक संस्था. आपल्याच पक्ष्याची पैदास करायला ब्राझीलला जगभरच्या मालकांची मनधरणी करावी लागली. चित्रपटातल्या दोन-तीन चोरट्या खलनायकांपेक्षा ही गुंतागुंत कितीतरी अवघड, आणि तिच्यावर गाणी बसवता येत नाहीत.

मार्च २०२० मध्ये जर्मनीहून ५२ पक्षी बाहियातल्या कुरासा गावाजवळ बांधलेल्या केंद्रात पोचले. ११ जून २०२२ ला त्यांतले ८ मोकळे सोडले. रानात कसं जगायचं ते बघून शिकावं म्हणून सोबत निळ्या पंखांचे मकावही सोडले, म्हणजे त्या एकट्या नराने जिच्याशी जोडी केली होती तीच जात. २०२३ मध्ये मोकळ्या रानात पिल्लंही निघाली. त्याच वर्षी जर्मन संस्थेकडून २६ स्पिक्स मकाव गुजरातेत जामनगरच्या केंद्रात आले. आपल्याला न विचारता हे झालं, असा आक्षेप ब्राझीलने वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे सायटिसच्या, बैठकांत घेतला आणि २०२४ मध्ये त्या जर्मन संस्थेशी असलेला करार पुढे चालू ठेवला नाही. २०२५ मध्ये बाहियातल्या पक्ष्यांमध्ये पोपटांना होणाऱ्या सर्कोव्हायरसची लागण आढळली आणि रानात उरलेले मकाव तपासणीसाठी पुन्हा पकडावे लागले.