रनिंग कमी आहे, मग सर्व्हिसिंग कशाला?

बजेटमधली फॅमिली एसयूव्ही घेतलेले ग्राहक बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: ही गाडी दहा-बारा वर्षं काढेल ना? मॉडेलचं नाव ऐकून याचं अर्धंच उत्तर देता येतं. उरलेलं अर्धं वापरावर ठरतं, आणि हे पत्रक त्याबद्दल आहे.

मीटरवर किलोमीटर कमी म्हणजे गाडी ठणठणीत, हा समज आधी सोडा. घरची गाडी शाळा, बाजार, ऑफिस अशा छोट्या फेऱ्या मारते आणि इंजिन नीट तापायच्या आत बंद होते. थंड इंजिनात थोडं इंधन ऑइलमध्ये उतरतं, बाष्पही साठतं. लांबच्या प्रवासात ते उडून जातं. छोट्या फेऱ्यांत आतच राहून ऑइल खराब करतं. म्हणूनच ऑइल बदलण्यासाठी किलोमीटर आणि महिने अशा दोन मर्यादा दिलेल्या असतात, आणि जी आधी येईल ती पाळायची. गाडीसोबतच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी बहुधा वेगळं वेळापत्रक असतं. धूळ, ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या हे सगळं त्यात मोडतं. आपण त्यात बसत नाही असं प्रत्येकाला वाटतं; बसतात मात्र बरेच जण.

डिझेल गाडीत हा त्रास जास्त. सायलेन्सरच्या लाइनमधला डीपीएफ फिल्टर काजळी अडवतो आणि अधूनमधून ती जाळून टाकतो. त्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान लागतं. हे काम चालू असतानाच गाडी बंद केली, आणि असं वारंवार झालं, की फिल्टर तुंबतो आणि जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर) ऑइल न भरताच पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, गाडी दाखवायला आणा. रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचंच असेल, तर मायलेज कितीही मोहात पाडो, डिझेल घेऊ नका असंच आम्ही सांगतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलावं लागत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. कुणाचं लाइफ, हे मात्र सांगत नाहीत! ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सचं ऑइल वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर तिच्यासाठी ठरवलेलंच ऑइल हवं, दुसरं 'चालून जाईल' म्हणून भरू नका. गिअरबॉक्स उघडायची वेळ आली की जुनी गाडी ठेवायची की काढायची, हा हिशोबच बदलतो.

टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याला, वयाचीही मर्यादा असते. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतं. बेल्ट तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचं हेड (वरचा भाग) उघडावं लागतं. काही छोट्या टर्बो इंजिनांत हा बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तिथे चुकीचं ऑइल पडलं, की बेल्टचे कण सुटून ऑइल पंपाची जाळी तुंबू शकते. बेल्टऐवजी चेन असेल तर निश्चिंत, असंही नाही. घाण ऑइलवर तीही झिजून सैल पडते.

कूलंट कमी झालं की नुसतं पाणी ओतत राहू नका. गंज रोखणारी रसायनं त्यामुळे पातळ होतात. रंग सारखा म्हणून दोन कूलंट मिसळूही नका, रंगावरून प्रकार ठरत नाही. तापमानाचा काटा वर गेला तर गाडी तिथेच थांबवा. 'एवढं घर गाठू' म्हणत ओढलेल्या गाडीचं हेड वाकतं.

सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड, शॉकअप यांचा आवाज आला म्हणून गाडीला नावं ठेवू नका, ते झिजणारच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला.

जुनी एसयूव्ही घेणार असाल तर ती सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. मालकाला सांगून ठेवा की आधी सुरू करू नका. पहिल्या स्टार्टला येणारा चेनचा खडखडाट किंवा निळा धूर तापलेल्या इंजिनात लपून जातो. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. आणि सर्व्हिसची बिलं मागा, त्यांवर किलोमीटरसोबत तारखाही बघा. व्यवहार करण्याआधी गाडी आमच्याकडे आणली तर लिफ्टवर चढवून खालचा गंज आणि ऑइल गळती तुमच्यासमोरच दाखवू.