रिपोर्ट नॉर्मल आला, तरी गोळी सोडू नका

यवतमाळकडच्या खेड्यांत ऐकू येतं: कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता स्टॅटिनची गोळी कशाला? अहो, ते नॉर्मल आलं गोळीमुळेच! सोडली की काही आठवड्यांत पुन्हा चढतं.

शिवाय धमनी म्हणजे नुसता चरबीनं तुंबलेला पाइप नव्हे. तिच्या अस्तरात कोलेस्टेरॉल शिरतं, पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज धुमसत राहते. तो थर फुटला की रक्ताची गुठळी, आणि अटॅक. स्टॅटिन ही सूजही उतरवतं. २००८ च्या ज्युपिटर अभ्यासात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३० च्या आत, पण सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं, असे १७,८०२ लोक होते. रोसुव्हास्टॅटिन ही स्टॅटिनची गोळी घेणाऱ्यांत अटॅक, लकव्यासारख्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. एलडीएलही निम्मं झालं होतं, त्यामुळे श्रेय एकट्या सुजेला देता येत नाही.

कापूस वेचणीत अंग दुखलं आणि ते गोळीमुळे वाटलं, तर परस्पर गोळी सोडू नका. डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो.