जुने नेटवर्क प्रोटोकॉल कर्नलबाहेर का गेले

ऐंशीच्या दशकात टोकन रिंग, डेकनेट, आयपीएक्स, ॲपलटॉक अशी डझनभर नेटवर्क, प्रत्येकाचा आपला प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) घेऊन, शेजारीशेजारी नांदत होती. इथरनेट आणि टीसीपी/आयपी जिंकले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हरलेल्यांचा कोड मात्र ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, लिनक्सच्या बाबतीत तिच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये, तसाच पडून राहिला.

जिथे निर्णय एकाच कंपनीच्या हाती होता, तिथे फारशी चर्चा झाली नाही. विंडोज व्हिस्टातून आयपीएक्स गेला, २००९ मध्ये मॅक ओएस एक्स १०.६ मधून ॲपलटॉक. लिनक्समध्ये गोष्ट लांबली, कारण तिथे 'पडून आहे, कुणाचे काय बिघडते?' हा युक्तिवाद बराच काळ चालला.

तो मोडला मॉड्यूल (कर्नलला गरजेप्रमाणे जोडता येणारा कोडचा तुकडा) आपोआप लोड करण्याच्या सोयीमुळे. एखाद्या साध्या प्रोग्रामने सॉकेट (नेटवर्कशी बोलण्याचे दार) उघडताना प्रोटोकॉल कुळाचा क्रमांक दिला, की कर्नल ते मॉड्यूल स्वतःच आणतो. नेटवर्क कार्ड त्या जातीचे असण्याची गरज नाही. २०१० मध्ये इकोनेट या जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटी इतर त्रुटींशी जोडून सामान्य वापरकर्त्याला रूट (यंत्रावर पूर्ण अधिकार असलेला वापरकर्ता) होता येते, हे दाखवले गेले. इकोनेटची केबल ज्यांनी कधी पाहिलीही नव्हती, त्यांचेही सर्व्हर त्यात उघडे पडले. लिनक्सच्या काही वितरणांनी (तयार संचांनी) दुर्मिळ प्रोटोकॉल आपोआप लोड होणेच बंद केले. २०१२ मध्ये कर्नलच्या आवृत्ती ३.५ मधून इकोनेट आणि टोकन रिंग दोन्ही काढले गेले. पुढे फझिंगची (प्रोग्रामला वेडीवाकडी माहिती देऊन चुका शोधण्याची) साधने सुधारली आणि २०१७ मध्ये डीसीसीपी या आणखी एका नेटवर्क प्रोटोकॉलच्या कोडात २००५ पासून दडलेली चूक सापडली.

खरा वाद काय काढायचे याच्या निकषाचा. आयपीएक्स २०१७ मध्ये 'स्टेजिंग' या कच्च्या वा निरोपाच्या वाटेवरच्या कोडच्या विभागात हलवला गेला आणि पुढच्याच वर्षी काढला गेला. डेकनेटचा कोड २०१० पासून वाली नसलेला होता, तो २०२२ मध्ये ६.१ मधून गेला. दोन्हीकडे आधार एकच: सांभाळायला कुणी पुढे येत नाही, म्हणजे वापरणारेही नसावेत. पहिले विधान तपासता येते. दुसरे निव्वळ अंदाज आहे, कारण कोणते मॉड्यूल किती यंत्रांवर चालते याची मोजणी कर्नल करत नाही. शिवाय जुन्या यंत्रणा चालवणारे लोक कर्नल सहसा अद्ययावत करतच नाहीत. त्यांना बदल कळतो तो वर्षांनी, हार्डवेअर बदलताना. त्यामुळे त्यांच्या गप्प बसण्याला संमती मानणे पटत नाही. पण देखभाल करणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. नेटवर्क उपप्रणालीत अंतर्गत रचना बदलली, की ज्याची चाचणी घ्यायला हाताशी यंत्रच नाही असा कोडही त्यांनाच दुरुस्त करावा लागतो.

पर्याय कर्नलबाहेर आहेत. जुने डॉस प्रोग्राम चालवणारा डॉसबॉक्स आयपीएक्सची पाकिटे यूडीपी या आजच्या इंटरनेट प्रोटोकॉलमधून पाठवतो, त्यामुळे जुने खेळ आजही चालतात. मॉड्यूल बाहेर ठेवून स्वतः सांभाळण्याचा मार्ग मात्र दमवणारा आहे, कारण कर्नलचे अंतर्गत इंटरफेस स्थिर राहतील अशी हमी कुणी देत नाही.

डीसीसीपीच्या वेळी निदान पूर्वसूचना दिली गेली. २०२३ पासून कर्नल आपल्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) कोड काढण्याची २०२५ ची मुदत छापत होता आणि त्याच वर्षी ६.१६ मधून तो कोड काढला गेला. अर्थात, ही सूचनाही कर्नल अद्ययावत ठेवणाऱ्यांनाच दिसली.