समतोल अभ्यास (पोषणशास्त्र)

एखादे पोषकद्रव्य अन्नावाटे शरीरात किती गेले आणि मल, मूत्र, घाम यांवाटे किती बाहेर पडले, याची वजाबाकी करून ते शरीरात साठते की घटते हे ठरवण्याची पद्धत. जमा जास्त भरली तर धन समतोल, खर्च जास्त भरला तर ऋण. प्रथिने, कॅल्शियम, जस्त इत्यादींची दैनंदिन गरज ठरवताना हिचा मोठा आधार घेतला गेला. दिसायला वाण्याच्या वहीइतकी सोपी. पण या वहीतल्या चुका बहुतेक एकाच बाजूला पडतात, ही तिची खरी अडचण.

पदुआचा वैद्य सांतोरिओ तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचे, अन्नाचे आणि मलमूत्राचे वजन करत असे. खाल्ल्याप्यायल्याच्या मानाने बाहेर पडलेले फारच कमी भरते. उरलेले नकळत त्वचेवाटे व श्वासावाटे जाते, असा निष्कर्ष त्याने १६१४ मध्ये प्रसिद्ध केला. हिशेबात न सापडणारी गळती तेव्हापासूनची आहे. पुढे १८३९ मध्ये फ्रान्सच्या बूसँगोने गाय व घोड्याचा नायट्रोजनचा जमाखर्च मांडला, तर म्यूनिकमध्ये फोइटने तो माणसांवर नेला. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजनला ६.२५ ने गुणले की प्रथिने मिळतात.

प्रत्यक्ष काम किचकट असते. प्रत्येक घास मोजून वाढतात, ताट रबरी पट्टीने निपटून खायला सांगतात. मलाचा कालखंड नेमका कळावा म्हणून सुरुवातीला व शेवटी रंगद्रव्य देतात; रंगीत मल दिसला की मोजणीची हद्द ठरते. तरी ताटाला थोडे चिकटून राहतेच, म्हणजे सेवन प्रत्यक्षाहून जास्त नोंदले जाते. उलट एखाद्या वेळची लघवी बाटलीबाहेर जाते. घाम, केस, नखे, त्वचेचा कोंडा यांचा हिशेब बहुधा अंदाजानेच धरतात. म्हणजे उत्सर्जन कमी नोंदले जाते. दोन्ही चुका समतोल धनाकडेच ढकलतात, आणि दोन मोठ्या आकड्यांतल्या लहानशा फरकावर त्यांचा भार पडतो.

रोज १ ग्रॅम नायट्रोजन खरोखर शरीरात राहिला, तर ६.२५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे साधारण ३० ग्रॅम मांसल ऊती तयार व्हायला हव्यात. वर्षाकाठी ११ किलो! वजन स्थिर असलेल्या प्रौढाच्या बाबतीत असा आकडा आला, तर वहीवरच संशय घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. शरीर मिळेल त्याच्याशी जुळवून घेते. १९५२ मध्ये हेगस्टेड व सहकाऱ्यांनी पेरूतील तुरुंगात केलेल्या अभ्यासात, अल्प कॅल्शियमची सवय असलेले पुरुष अगदी थोड्या कॅल्शियमवरही समतोलात आढळले. म्हणून शून्य समतोल म्हणजे गरज भागली असे नव्हे; तो केवळ त्या सेवनाशी बसलेला मेळ असू शकतो. काही दिवसांच्या प्रयोगात तर हा मेळ पुरता बसतही नाही.

या वादात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे नाव येते. शेल्डन मार्गेन यांच्यासह १९७८ मध्ये त्यांनी दाखवले की आहार ठरावीक असूनही एकाच व्यक्तीचा नायट्रोजन समतोल दिवसागणिक हलतो, आणि आजचा आकडा कालच्याशी निगडित असतो. हा चढउतार शरीराच्या नियमनाचाच भाग आहे, निव्वळ मोजणीची चूक नव्हे, असे त्यांचे म्हणणे. यावरून त्यांनी कुपोषणाच्या मोजमापाबद्दल काढलेले निष्कर्ष मात्र वादग्रस्त ठरले, वि. म. दांडेकरांनी त्यांवर कडाडून टीका केली. निरीक्षण आणि त्यावर उभारलेले धोरण, या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

मॉस्कोतील मंगळयात्रेच्या बंदिस्त सरावात हाच प्रकार मिठाबाबत दिसला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मीठ ठरावीक असतानाही लघवीतील सोडियम साधारण आठवड्याच्या लयीत कमीजास्त होत होते. त्यामुळे एका दिवसाच्या लघवीवरून माणसाचे मीठ ठरवणे धोक्याचे.

प्रौढांची सरासरी प्रथिन-गरज शरीराच्या दर किलोमागे ०.६६ ग्रॅम, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालातील आकडा नायट्रोजन समतोलाच्या एकत्रित विश्लेषणावरच उभा आहे. त्या विश्लेषणात त्वचेवाटे होणारा ऱ्हास मोजलेला नसेल, तेथे समशीतोष्ण हवेसाठी दर किलोमागे ४.८ मिलिग्रॅम आणि उष्ण हवेसाठी ११ मिलिग्रॅम नायट्रोजन धरला आहे. मे महिन्यात रत्नागिरीत कष्टाचे काम करणाऱ्याचा घाम या आकड्यात कितपत मावतो, ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही.