उपद्रवी विमानप्रवासी आणि केबिन क्रू

विमानातले नियम किंवा कर्मचाऱ्यांच्या सूचना धुडकावून सुव्यवस्था बिघडवणाऱ्या प्रवाशाला उपद्रवी प्रवासी म्हणतात. बातम्यांना ‘धिंगाणा’ हा एकच शब्द पुरतो. केबिन क्रूला मात्र त्यातल्या चार पायऱ्या ओळखाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या वर्गवारीत शिवीगाळ आणि सूचना न ऐकणे ही पहिली पायरी, धक्काबुक्की ही दुसरी, जिवावर बेतणारे वर्तन ही तिसरी आणि कॉकपिटमध्ये घुसण्याचा प्रयत्न ही चौथी. बहुतेक प्रकरणे पहिलीवरच मिटतात आणि मिटली म्हणूनच ती कोणाला कळत नाहीत.

कारणांत दारूचा नंबर वरचा. ती पुष्कळदा विमानात चढण्याआधीच पोटात गेलेली असते. ‘वर गेल्यावर दुप्पट चढते’ असे सर्रास म्हणतात. उंचीमुळे रक्तातले अल्कोहोल वाढत नाही. पण केबिनमधला हवेचा दाब साधारण 6 ते 8 हजार फूट उंच डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. ऑक्सिजन कमी, त्यात जागरण आणि रिकामे पोट, मग तोल लवकर जातो. शिवाय सिगारेटची तलफ, रखडलेले उड्डाण, पुढच्याने मागे रेललेली सीट. ज्या विमानात फर्स्ट क्लास असतो तिथे इकॉनॉमीत भडका अधिक उडतो, असा निष्कर्ष कॅथरीन डिसेल्स आणि मायकेल नॉर्टन यांनी 2016 मध्ये मांडला. त्यांच्या आकडेमोडीवर इतर संशोधकांनी आक्षेपही घेतले.

दारात उभे राहून हसतमुखाने केलेले स्वागत हा नुसता शिष्टाचार नसतो. प्रवाशाची चाल, नजर आणि तोंडाचा वास यांची ती तपासणी असते, कारण संशयिताला जमिनीवरच उतरवणे सर्वांत सोपे. उड्डाणानंतर काही कंपन्यांचे कर्मचारी पिणाऱ्यांवर मनातल्या मनात सिग्नलसारख्या हिरवा, पिवळा, लाल अशा खुणा करतात. पिवळ्यावर आलेल्याला थेट नकार मिळत नाही. त्याच्या ग्लासात बर्फ वाढतो, पेयाआधी पाणी आणि जेवण येते, ट्रॉली त्याच्या रांगेपर्यंत यायला उशीर लावते. स्वतःजवळची बाटली उघडायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. ती काढून घेताना खरी कसोटी लागते.

आवाज चढलाच, तर एकानेच बोलायचे आणि दुसऱ्याने थोडे मागे थांबून पाहायचे, म्हणजे साक्षीदारही मिळतो. प्रवासी बसलेला असेल तर वाकून नजरेच्या पातळीवर यायचे, हाताच्या अंतरावर राहायचे, गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराच्या, कोपऱ्यात अडकायचे नाही. आधी त्याचे गाऱ्हाणे ऐकून घ्यायचे. ‘शांत व्हा’ एवढे मात्र म्हणायचे नाही. ते ऐकून कोणी शांत झाल्याचे फारसे दिसत नाही. पहिल्या कर्मचाऱ्यावरच राग असेल तर माणूस बदलतात. शेजाऱ्यांना दुसरीकडे बसवले की प्रेक्षकही कमी होतात.

या कामातली खरी अडचण बंद दारामुळे येते. 1963 च्या टोकियो कराराने उपद्रवी प्रवाशाला जेरबंद करण्याचा, उतरवण्याचा आणि पोलिसांच्या हवाली करण्याचा अधिकार कॅप्टनला दिला. पण 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर कॉकपिटची दारे मजबूत झाली आणि कुलूपबंद राहू लागली. केबिनमध्ये काहीही झाले तरी वैमानिक बाहेर येत नाही. अधिकार दाराच्या एका बाजूला, डोळे आणि हात दुसऱ्या बाजूला. त्यामुळे इंटरफोनवर पर्सर, म्हणजे केबिन क्रूचा प्रमुख, काय सांगतो यावर सगळे अवलंबून. ‘तो फार चिडलाय’ याने कॅप्टनला काहीच कळत नाही. ‘23 सी, दोनदा समज दिली, सहकाऱ्याला ढकलले, एकटाच आहे’ यावरून निर्णय घेता येतो. मग कॅप्टनच्या नावाने लेखी ताकीद हातात दिली जाते. त्यानेही भागले नाही तर बांधणे, किंवा विमान वाटेतच उतरवणे.

बांधण्यासाठी कॅप्टन कर्मचाऱ्यांना हुकूम देऊ शकतो, प्रवाशांना फक्त विनंती करू शकतो. धोका तत्काळ असेल तर मात्र कर्मचारी किंवा प्रवासी परवानगीविना वाजवी उपाय करू शकतात. 22 डिसेंबर 2001 रोजी पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड बुटातली स्फोटके पेटवू पाहत होता; त्याला कर्मचारी आणि प्रवाशांनी कमरेचे पट्टे, हेडफोनच्या वायरी असे मिळेल ते वापरून सीटला बांधले. आता अनेक विमानांत प्लॅस्टिकच्या बेड्या असतात. बांधलेल्याला पालथे ठेवत नाहीत, कारण श्वास कोंडतो. त्याला आपत्कालीन दारापासून लांब बसवतात, सीटबेल्ट लावतात, त्याच्यावरची नजर हटवत नाहीत.

पुढे प्रश्न खटला चालवायचा कोणी. टोकियो कराराने न्यायाधिकार मुख्यतः विमानाच्या नोंदणीच्या देशाला दिला, त्यामुळे उतरलेल्या ठिकाणचे पोलिस अनेकदा प्रवाशाला सोडून देत. या करारात दुरुस्ती करणारा 2014 चा माँट्रियल प्रोटोकॉल 1 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याने तो स्वीकारणाऱ्या देशांपुरता हा अधिकार विमान उतरते त्या देशालाही दिला. अमेरिकेत 2021 मध्ये अशा जवळपास 6 हजार तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यांतल्या बहुसंख्य मास्कवरून; तेव्हा एका उल्लंघनाला 37,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. भारताने 2017 मध्ये प्रवासबंदीची यादी आणली : शाब्दिक उपद्रवाला 3 महिन्यांपर्यंत, शारीरिक उपद्रवाला 6 महिन्यांपर्यंत आणि जीवघेण्या वर्तनाला किमान 2 वर्षे.

तरीही खटला उभा राहतो तो जबानीवर. विमानाचे दार उघडून पोलिस आत येतात तेव्हा क्रूच्या ड्यूटीच्या तासांची मर्यादा संपत आलेली असते, हॉटेलची गाडी खाली थांबलेली असते आणि दुसऱ्या दिवशी परतीचे उड्डाण असते. म्हणून पर्सर वेळा, सीट नंबर आणि साक्षीदारांची नावे विमान उतरण्याआधीच, जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, बसून लिहून ठेवतो.