ग्वादलूपच्या कागदांतलं ‘पाँडिचेरी’

कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटावर ऊसमळ्यांत मजुरीला गेलेल्या भारतीय पूर्वजांचा माग काढणारे बहुतेक जण पाँडिचेरीपाशी येऊन अडकतात. मृत्यूच्या नोंदीत ‘जन्म पाँडिचेरी’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि पाँडिचेरीच्या दप्तरात त्या नावाचा माणूसच नसतो. कारण पुष्कळदा ते गाव नसतं, जहाज सुटलं ते बंदर असतं.

1854 च्या डिसेंबरात पहिलं जहाज पोहोचलं, 1889 च्या सुरुवातीला शेवटचं. मधल्या काळात चाळीस हजारांवर माणसं उतरली. पाँडिचेरी, कारैकल हे फ्रेंच तुकडे इवलेसे. एवढी भरती तिथून होणं शक्यच नव्हतं. माणसं आली ती तंजावर, दक्षिण अर्काटसारख्या ब्रिटिश जिल्ह्यांतून. ब्रिटन-फ्रान्समधल्या 1861 च्या करारानं या भरतीला रीतसर परवाना मिळाला. पुढे कलकत्त्याहूनही जहाजं सुटली आणि बिहार-अवधच्या माणसाला बेटावर ‘कलकत्ता’ हेच नाव चिकटलं.

या बंदर-गाव घोळाचा खरा तिढा दिसला मतदानाच्या वेळी. 1904 मध्ये बेटावरच जन्मलेल्या एका भारतीय वंशाच्या गृहस्थानं आपल्या लोकांची नावं मतदार यादीत घालण्याची मागणी केली. हे लोक ब्रिटिश प्रजा आहेत, असं म्हणून प्रशासनानं विरोध केला. म्हणजे नोंदवहीत पाँडिचेरीचे आणि मतपेटीपुढे इंग्रजांचे! पाँडिचेरीचा जन्म खरा मानला असता तर ते फ्रेंच प्रजाच ठरले असते. हा वाद 1923 पर्यंत रेंगाळला, तेव्हा कुठे नागरिकत्व मान्य झालं. म्हणून त्याआधीच्या कागदावरचा ‘ब्रिटिश प्रजा’ हा शेरा मूळ गावाचा पुरावा म्हणून धरू नये.

शोध नेहमी अलीकडून मागे न्यावा. 1776 च्या फर्मानापासून वसाहतींतल्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदींची एक जादा प्रत फ्रान्सला जायची. जुनी पानं आता इंटरनेटवर पाहता येतात. आधी दहा वर्षांची अनुक्रमणिका पाहावी, मग मूळ पान. बेटावर जन्मलेल्या पहिल्या पिढीच्या नोंदीत आईबापांच्या नावापुढे ‘मात्रिक्यूल’ म्हणजे मजुराचा नोंदणी क्रमांक, कधी जहाजाचं नावही असतं. हा क्रमांक नावापेक्षा भरवशाचा, कारण एका जहाजावर रामसामी दोन-तीन सहज निघतात.

आडनाव शोधू नका. येताना ते नव्हतंच. बापाचं एकेरी नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं. स्पेलिंग फ्रेंच कानानं झालेलं : ‘उ’ला ओ-यू, ‘च’ला टी-सी-एच, आणि ‘वैत्तिलिंगम’च्या शेवटच्या ‘एम’च्या जागी कधी ‘एन’. अनुक्रमणिकेत नाव नाही मिळालं तर व्ही, बी, डब्ल्यू तिन्ही अक्षरांखाली पाहावं.

मॉरिशसचं प्रकरण मात्र वेगळं. भाषा फ्रेंच वळणाची असली तरी बेट 1810 पासून इंग्रजांकडे होतं. रत्नागिरी-सावंतवाडीहून तिकडे गेलेल्यांच्या नोंदी ब्रिटिश पद्धतीच्या आहेत, त्या या फ्रेंच प्रतींत सापडायच्या नाहीत.