लुकलुकणाऱ्या लाल दिव्यामागचा इतिहास

निन्टेंडोचा जुना एनईएस हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल दुरुस्तीला आला की तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते. बटण दाबलं की लाल दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकतो, टीव्हीचा पडदाही त्याच तालात उजळतो-विझतो आणि गेम काही सुरू होत नाही. दोष धुळीवर ढकलला जातो. धूळ असतेही, पण मूळ कारण १९८३ ते १९८५ या काळात घेतलेल्या दोन निर्णयांत आहे.

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉममध्ये, म्हणजे एनईएसच्या जपानी पूर्वजात, ६० पिनांची कार्ट्रिज (गेमची डबी) वरून सरळ खोचली जायची. मासायुकी उएमुरा यांच्या गटाने घडवलेलं हे यंत्र साधं होतं, म्हणून टिकाऊही होतं. पण त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दुकानदारांना गेम कन्सोल हे नावसुद्धा नकोसं झालं होतं. मग अमेरिकेसाठी लान्स बार यांनी करड्या रंगाची नवी पेटी आखली, ती दिसायला व्हीसीआरसारखी. यंत्राला ‘एंटरटेनमेंट सिस्टीम’ म्हटलं गेलं, कार्ट्रिजचं नाव झालं ‘गेम पॅक’. ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चाचणी-विक्री सुरू झाली.

दिसणं बदललं तशी कार्ट्रिज आत जाण्याची वाटही बदलली. ती समोरून आडवी सरकवायची आणि मग खाली दाबायची. सरकवताना जोर लागू नये आणि खाली दाबल्यावर पिनांनी पकड घ्यावी, अशी ही योजना. कागदावर ती सुरेखच दिसते. प्रत्यक्षात मात्र दर वेळी यंत्रातल्या ७२ पिना वाकतात, वर्षानुवर्षं वाकून त्यांचा ताण जातो आणि पकड सैल होते. (६० च्या ७२ झाल्या त्या अशा: आवाजाच्या दोन गेल्या, कुलपाच्या (त्याविषयी पुढे) चार आणि तळाच्या विस्तार-जोडणीच्या दहा वाढल्या.)

कुलूप हा दुसरा निर्णय. परवानगीशिवाय कोणी गेम काढू नयेत म्हणून कन्सोलमध्ये एक चिप आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार बसवली. दोघींचा संवाद अखंड चालू राहिला पाहिजे. तो तुटला की कन्सोलमधली चिप यंत्राला सेकंदागणिक रीसेट करते. लुकलुकणं म्हणतात ते हेच. त्यामुळे गेमचा बाकी सगळा डेटा नीट वाचला जात असला, तरी कुलपाच्या चारांपैकी एका पिनेचा संपर्क ढिला असला की सगळं अडतं. ज्यांना रोखायचं होतं त्यांना हे कुलूप फार काळ रोखू शकलं नाही. अटारी गेम्सच्या टेंगेन या गेम कंपनीने ते फोडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. प्रामाणिक गिऱ्हाइकांच्या वाट्याला मात्र लुकलुक आली.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले ‘टीव्ही गेम’ बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. ६० पिना, वरून खोचायची ‘कॅसेट’ आणि कुलूप नाहीच. म्हणून आपल्या पिढीला लुकलुकणारा दिवा ठाऊक नाही; संपर्क बिघडला की चित्राचा चिवडा व्हायचा किंवा नुसता एकरंगी पडदा दिसायचा. इलाज मात्र इकडे-तिकडे एकच होता, फुंकर. ती लागू पडते असं वाटायचं, कारण फुंकण्यासाठी कॅसेट काढून परत खोचली जायची आणि पिना जरा वेगळ्या जागी टेकायच्या. फुंकरीतल्या ओलाव्याने धातू गंजतो, हा तोटा वेगळाच.

निन्टेंडोने १९८९ मध्ये सफाईचा अधिकृत संच विकायला काढला. कार्ट्रिजच्या पाठीवर बेन्झिन, थिनर, अल्कोहोल वापरू नका अशी सूचना छापलेली असे. आज दुरुस्ती करणारा जवळजवळ प्रत्येक जण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडीच वापरतो, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. मात्र जोडण्यापूर्वी ते पूर्ण सुकू द्यावं. खोडरबर चालतं, पण सारखं घासलं तर मुलामा उतरतो.

१९९३ मध्ये निन्टेंडोने ४९.९९ डॉलरचं नवं मॉडेल आणलं. त्यात कार्ट्रिज पुन्हा वरून खोचायची सोय होती आणि कुलपाची चिप नव्हती. आधीचे दोन्ही निर्णय चुकले, हे याहून स्पष्ट कसं सांगणार? पण या मॉडेलमध्ये चित्र फक्त अँटेनाच्या तारेतून, म्हणजे कमी स्पष्ट, मिळतं, म्हणून अनेक जण जुनी करडी पेटीच जपतात.

तिच्यासाठी बाजारात नवे ७२ पिनांचे कनेक्टर मिळतात. त्यातले बरेचसे इतके घट्ट असतात की कार्ट्रिज ओढून काढावी लागते. त्यापेक्षा मूळ कनेक्टर सोडवून पाण्यात उकळावा, पूर्ण वाळवावा आणि गरज पडली तरच पिना सुईने हलकेच उचलाव्यात. तरीही दिवा लुकलुकला, तर कन्सोलमधल्या कुलूप-चिपचा चौथा पाय बोर्डापासून उचलतात. त्याने लुकलुक थांबते. संपर्क मुळातच खराब असेल तर तो सुधारत नाही, म्हणून हे काम सफाईनंतरच करावं.